चित्रात लपलेली वस्तू कशी शोधायची? डोळे, मेंदू आणि मोबाईल यांचा हिशेब

"या चित्रात एक पांडा लपलाय, ७ सेकंदांत शोधा, फक्त १% लोकांनाच जमतं" असा फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येतच असणार. मग कोणीतरी काका दोन मिनिटांत "सापडला 👍" लिहून मोकळे होतात, आणि बाकीचे गुपचूप झूम करत बसतात. ज्यांना सापडत नाही त्यांना उगाच वाटतं की आपलं डोकं चालत नाही, किंवा डोळे गेलेत.

यातलं बहुतेक खरं नसतं. चित्र शोधणं हे बरंचसं तंत्र आहे, थोडं नशीब आहे, आणि काही वेळा तुमच्या फोनच्या सेटिंगचा खेळ आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कॉम्प्युटरला चित्रातली वस्तू कशी शोधायला लावतात हे कॉलेजच्या प्रोजेक्टपासून बघतोय, त्यामुळे माणूस कसा शोधतो याचंही कुतूहल लागलं. या लेखात दोन्ही बघू.

आधी ७ सेकंदांचा हिशेब

हात समोर सरळ लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. तुमच्या नजरेत खरोखर स्पष्ट दिसणारा भाग साधारण तेवढाच असतो, सुमारे २ अंशांचा. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक छोटासा खड्डा असतो, त्याला फोविया म्हणतात. बारीक तपशील वाचायचं काम तोच करतो. बाजूचं सगळं आपल्याला "दिसतंय" असं वाटतं खरं, पण ते धूसर असतं. मेंदू ते भरून काढतो.

म्हणून डोळा सतत उड्या मारत असतो. एका ठिकाणी थांबतो, बघतो, पुढे उडी. सेकंदाला साधारण ३ ते ४ उड्या. आता फोन चेहऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर धरलाय असं समजा. त्या अंतरावर २ अंश म्हणजे जेमतेम १ सेंटीमीटर. चौकोनी चित्र स्क्रीनवर ७ बाय ७ सेंटीमीटरचं दिसतंय, म्हणजे १ सेंटीमीटरचे ४९ चौकोन. ७ सेकंदांत तुमचे डोळे थांबणार २१ ते २८ ठिकाणी. किचकट चित्रात सगळं नीट बघायचं तर अर्ध्याच्या आसपास चित्र बघून होतं तोवर वेळ संपलेला असतो.

म्हणजे ७ सेकंदांत सापडणं हे बऱ्याच अंशी तुमची पहिली नजर कुठे पडली यावर अवलंबून आहे. त्याचा आयक्यूशी काही संबंध नाही.

त्यात आणखी एक गोम आहे. नजरेच्या कडेला एकटी वस्तू असेल तर ती ओळखता येते, पण तिच्याभोवती इतर वस्तूंची गर्दी असली की तीच वस्तू ओळखू येत नाही. दादरच्या प्लॅटफॉर्मवर ओळखीचा चेहरा दहा फुटांवर असून दिसत नाही, त्यातला प्रकार. कोडं बनवणारे नेमकं हेच वापरतात. वस्तू लपवत नाहीत, तिच्याभोवती गर्दी करतात.

काही वस्तू उडी मारून समोर येतात, काही नाही

१९८० साली ॲन ट्राइसमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी एक सिद्धांत मांडला, जो आजही या विषयाचा पाया समजला जातो. सोप्या भाषेत सांगतो. शंभर हिरव्या ठिपक्यांत एक लाल ठिपका असेल तर तो शोधावा लागत नाही. ठिपके शंभर असोत की पाचशे, तो लगेच दिसतो. पण हिरवे गोल, लाल चौकोन अशी मिसळ केली आणि त्यात एकच "लाल गोल" ठेवला, की काम अवघड होतं. कारण आता एकट्या रंगाने किंवा एकट्या आकाराने तो वेगळा पडत नाही, दोन्ही गोष्टी एकत्र तपासाव्या लागतात. मग मेंदू एकेक वस्तू तपासत जातो आणि वस्तू वाढतील तसा वेळ वाढतो. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना लगेच कळेल: पहिला प्रकार कॉन्स्टंट टाइमसारखा, दुसरा लिनियर सर्च.

अजून एक मजेशीर गोष्ट. जास्तीची खूण शोधणं सोपं असतं, नसलेली खूण शोधणं अवघड. इंग्रजी ओच्या गर्दीत एक क्यू लगेच दिसतो, कारण त्याला शेपूट आहे. उलट क्यूच्या गर्दीत एक ओ शोधायला बराच वेळ लागतो. देवनागरीत स्वतः करून बघा. नोट्समध्ये पन्नास प टाइप करून मध्ये एक फ टाका, मग उलटं करा. मित्राला दाखवा आणि कशाला जास्त वेळ लागतो ते मोजा.

त्या प्रसिद्ध पांडाच्या चित्रात हीच आयडिया आहे. गर्गेली दुदाश नावाच्या हंगेरियन चित्रकाराने २०१५ च्या डिसेंबरमध्ये फेसबुकवर हे चित्र टाकलं आणि ते जगभर फिरलं. बर्फाच्या बाहुल्यांच्या गर्दीत एक पांडा. पांडाही पांढरा, बाहुल्याही पांढऱ्या, काळा रंगही चित्रभर विखुरलेला. पांडाला स्वतःचा असा एकही रंग ठेवलेला नाही. असं चित्र समोर आलं की "पांडा कुठे आहे" असं न शोधता "बाहुल्यांकडे असलेली कोणती गोष्ट पांडाकडे नसेल" असा विचार करा. बाहुल्यांना गाजराचं नाक असतं. मग नारिंगी टोक नसलेला चेहरा शोधा. काम एकदम हलकं होतं.

फोनवर शोधायची माझी पद्धत

पहिली गोष्ट, चित्राची क्वालिटी. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा साइज कमी करतं, आणि तोच फोटो चारपाच ग्रुपमधून फिरून येतो तेव्हा बारीक रेषांचा पार चिखल झालेला असतो. अशा चित्रात वस्तू न सापडणं हा तुमचा दोष नाही, ती वस्तू त्या फाइलमध्ये धड उरलेलीच नसते. गूगल लेन्समध्ये चित्र टाका आणि मूळ चित्र शोधा. मोठ्या साइजमध्ये बऱ्याचदा मिळतं, आणि मूळ चित्रकाराचं नावही कळतं. (उत्तरही तिथेच असतं, पण ते शेवटी बघा.)

दुसरी गोष्ट, झूम. बहुतेक जण दोन बोटांनी चित्र पसरवून इकडे तिकडे ढकलत बसतात. त्यामुळे काय बघून झालं आणि काय राहिलं हे लक्षातच राहत नाही. एकाच कोपऱ्यात तीनदा जाणं होतं आणि एक पट्टा पूर्ण सुटतो. त्यापेक्षा फोन आडवा करा, साधारण दुप्पट झूम करा आणि शेतात नांगर चालवतात तसं जा: डावीकडून उजवीकडे, थोडं खाली, उजवीकडून डावीकडे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढला पाहिजे, कारण वस्तू नेमकी दोन पट्ट्यांच्या सीमेवर असते असा अनुभव आहे. दुपटीहून जास्त झूम केलात तर वस्तू स्क्रीनवर इतकी मोठी होते की तिचा तुकडाच दिसतो, आणि तुकड्यावरून ती ओळखू येत नाही.

तिसरी गोष्ट, पूर्ण वस्तू शोधू नका. तिचा एक तुकडा ठरवा. साप शोधायचाय? पूर्ण साप दिसणारच नाही, तो फांदीच्या रेषेत मिसळलेला असतो. डोळा शोधा, किंवा फांदीच्या टोकाला जीभ. कंगवा शोधायचाय? समांतर बारीक रेषा शोधा, त्या पायऱ्यांत, कुंपणात किंवा झेब्र्याच्या आयाळीत असतात. पेन्सिल, खिळा, चमचा अशा लांबट वस्तू झाडाच्या खोडात आणि कपड्यांच्या चुण्यांत टाकायला चित्रकारांना फार आवडतं. चंद्रकोर, केळं आणि होडी हे तीन एकाच कुळातले, कुठलीही वाकडी रेषा दिसली की तपासा.

आणि चौथी, चित्र उलटं करा. गॅलरीत एडिटमध्ये जाऊन १८० अंश फिरवा. सरळ चित्रात मेंदू "हे झाड, हे घर, हा माणूस" असं पटापट ठरवून पुढे जातो. उलट्या चित्रात त्याला तसं करता येत नाही, मग रेषा रेषांसारख्या दिसायला लागतात. रेषांच्या काळ्यापांढऱ्या चित्रांत ही युक्ती सगळ्यात भारी चालते.

रंगीत चित्र असेल तर एडिटमध्येच कॉन्ट्रास्ट वाढवून बघा, किंवा रंग पूर्ण काढून ग्रेस्केल करा. एखादी वस्तू रंगाने लपवली असेल तर रंग गेल्यावर तिची कड उघडी पडते. उलट कडेने लपवली असेल तर सॅच्युरेशन पूर्ण वाढवल्यावर दिसते. आणि रात्री उशिरा हा उद्योग करत असाल तर आधी नाइट लाइट बंद करा. तो पिवळा फिल्टर निळ्याचा फरक खाऊन टाकतो.

वॉलीचं गणित

ज्यांनी "व्हेअर्स वॉली" बघितलंय त्यांना लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा टीशर्ट आणि गोल चष्मा आठवेल. मार्टिन हँडफोर्ड या ब्रिटिश चित्रकाराचं हे पुस्तक १९८७ चं, अमेरिकेत त्याला वॉल्डो म्हणतात. २०१३ मध्ये बेन ब्लॅट यांनी मोजपट्टी घेऊन वॉलीच्या जागा मोजल्या. त्यांना आढळलं की पानाच्या खालून ३ इंचांवर सुरू होणारा दीड इंचाचा एक पट्टा आणि ७ इंचांवर सुरू होणारा दुसरा, या दोनच पट्ट्यांत वॉली ५३% वेळा सापडतो. पुढे २०१५ मध्ये रँडल ओल्सन यांनी जेनेटिक अल्गोरिदम वापरून नजर कुठून कुठे फिरवावी याचा छोटा मार्गच काढला.

वॉलीचे आकडे तुमच्या फॉरवर्डला लागू होणार नाहीत, पण त्यामागची गोष्ट कामाची आहे. लपवणारा माणूस असतो, आणि माणसाला खरंखुरं रँडम काही करता येत नाही. अगदी मधोमध ठेवलं तर पटकन दिसेल म्हणून तो टाळतो. अगदी कोपरा म्हणजे लबाडी वाटते म्हणून तोही टाळतो. मी आधी मध्य आणि कडा यांच्या मधला भाग बघतो, कोपरे शेवटी ठेवतो.

जिथे झूम करणं चुकीचं आहे

वरचं सगळं छोट्या वस्तूसाठी झालं. पण काही चित्रांत लपलेली गोष्ट छोटी नसतेच, ती पूर्ण चित्राएवढी असते. डोंगर, झाडं, ढग मिळून एक चेहरा. तिथे झूम केलं तर जन्मात सापडणार नाही. तिथे फोन हातभर लांब न्या, डोळे बारीक करा, चष्मा असेल तर काढा. किंवा चित्राचा थंबनेल बघा. गॅलरीच्या ग्रिडमध्ये छोट्या चौकोनात चेहरा टचकन दिसतो.

कारण असं: चित्रात बारीक तपशील वेगळे असतात आणि मोठे, पसरलेले उजेड-अंधाराचे भाग वेगळे. जवळून बघताना बारीक तपशील जिंकतात, लांबून ते पुसले जातात आणि मोठे भाग वर येतात. एमआयटीतल्या ऑड ओलिव्हा यांनी केलेलं प्रसिद्ध चित्र यावरच आहे, जवळून आइनस्टाइन, लांबून मेरिलिन मन्रो. २०२३ पासून स्टेबल डिफ्यूजन आणि कंट्रोलनेट वापरून अशी चित्रं कोणीही बनवायला लागलं. गावाचं चित्र, पण घरं आणि गल्ल्या मिळून एक मोठा भोवरा किंवा एखादं अक्षर. "९९% लोकांना यातला शब्द दिसत नाही" वाले सगळे फॉरवर्ड या जातीचे. डोळे बारीक केले की कोडं संपलं.

फरक शोधायचं कोडं

वर्तमानपत्रांच्या बालपुरवणीत "दोन चित्रांतले फरक शोधा" सगळ्यांनी केलंय. त्यासाठी एक युक्ती आहे जी कळल्यावर मजाच जाते, तरी सांगतो. दोन चित्रं शेजारी शेजारी असतील तर फोन आडवा धरा आणि डोळे थोडे तिरळे करा, नाकाच्या टोकाकडे बघितल्यासारखे, म्हणजे दोनाची तीन चित्रं दिसतील. मधलं चित्र म्हणजे दोन्हींची एकावर एक ठेवलेली छापच. ते स्थिर झालं की जिथे फरक आहे ती जागा लुकलुकायला लागते, कारण एक डोळा एक सांगतो आणि दुसरा दुसरं. पहिल्यांदा जमायला वेळ लागतो. डोळे दुखले तर थांबा. ज्यांची दोन्ही डोळ्यांची नजर एकत्र जुळत नाही त्यांना हे जमणार नाही, आणि त्यात काही वावगं नाही.

कॉम्प्युटरला हे काम अगदी फालतू वाटतं. एका चित्राच्या पिक्सेलमधून दुसऱ्याचे वजा करायचे, शून्य नाही तिथे फरक.

कॉम्प्युटर कसा शोधतो

शोधायच्या वस्तूचा नेमका तुकडा हातात असेल तर सगळ्यात साधी पद्धत म्हणजे टेम्प्लेट मॅचिंग. ओपनसीव्ही या फुकट लायब्ररीत ती एका ओळीत होते. तुकडा चित्रावर ठेवायचा, किती जुळतो ते मोजायचं, एक पिक्सेल सरकायचं, पुन्हा मोजायचं. १०८० बाय २४०० चा स्क्रीनशॉट आणि ४० बाय ६० चा तुकडा असेल तर अशा सुमारे २४ लाख जागा होतात. माणूस वेडा होईल, लॅपटॉपला ते डोळ्याची पापणी लवण्याएवढं काम. पण तुकडा थोडा मोठा, थोडा फिरवलेला किंवा अर्धा झाकलेला असला की ही पद्धत गळपटते. आणि कोड्यात तर वस्तू अर्धी झाकलेलीच असते.

म्हणून मग हजारो उदाहरणं दाखवून शिकवलेली मॉडेल्स आली. २०१८ मध्ये रेडपेपर नावाच्या अमेरिकन कंपनीने वॉली शोधणारा रोबोट हात बनवला. कॅमेऱ्याने पान बघायचं, गूगलच्या ऑटोएमएलने चेहरे तपासायचे आणि रबराच्या पंजाने वॉलीवर बोट ठेवायचं. त्याचा सगळ्यात जलद वेळ ४.४५ सेकंद होता. बघायला विनोदी आहे, पण हेच तंत्र आपल्याकडे जंगलात वापरलं जातं. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरातल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो आले. त्यातले वाघांचे होते फक्त ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. बाकी गवत, गुरं, हरणं, माणसं. इतक्या फोटोंतून प्राणी वेगळे काढायला आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायला सॉफ्टवेअर वापरलं गेलं.

एआय चॅटबॉटला कोडं दिलं तर? देऊन बघा, पण उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका. ही मॉडेल्स बऱ्याचदा चित्र आतमध्ये लहान करून, तुकडे पाडून बघतात, त्यामुळे बारीक वस्तू तिथेच हरवते. तरी उत्तर मात्र ठासून येतं: "पांडा उजवीकडे खाली आहे." जाऊन बघावं तर तिथे बाहुली. चित्राचे चार तुकडे कापून वेगवेगळे दिले तर निकाल सुधारतो. पण मग तुम्हीच का नाही शोधत?

सापडत नाही, कारण रंगच दिसत नाही

हा भाग जरा गंभीर आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला "हिरव्या पानांत लपलेला लाल पोपट" कधीच सापडायचा नाही. घरचे त्याला धांदरट म्हणायचे. पुढे डोळ्यांच्या तपासणीत कळलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. तोवर तो बारावीला होता.

रंगांधत्वाचा सगळ्यात सामान्य प्रकार हाच, लाल-हिरव्याचा. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून मुलग्यांमध्ये जास्त दिसतं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८%, स्त्रियांत सुमारे ०.५% आहे. म्हणजे तीस-पस्तीस मुलग्यांच्या वर्गात एकदोन जण असे असू शकतात, आणि त्यांना स्वतःलाच ते माहीत नसतं.

गंमत म्हणजे ते तपासायची पद्धत हीच एक लपलेली वस्तू शोधायची आहे. जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये ठिपक्यांच्या पाट्या छापल्या. रंगीत ठिपक्यांत एक आकडा लपवलेला. ठिपके लहानमोठे आणि फिकेगडद मुद्दाम ठेवले, म्हणजे फक्त रंगावरूनच आकडा वेगळा पडावा. काही पाट्या तर उलट्या आहेत, सामान्य नजरेला काही दिसत नाही, पण लाल-हिरवा न कळणाऱ्याला आकडा दिसतो!

रेल्वेत लोको पायलट व्हायचं तर रंगांची ही तपासणी पार करावी लागते, त्यामुळे त्या तयारीला दोनतीन वर्षं घालायच्या आधी ती करून घेतलेली बरी. पण सगळीच दारं बंद नसतात. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये फिल्म एडिटिंगसारख्या काही कोर्सना रंगांधत्व असलेल्यांना प्रवेश नव्हता. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सगळे कोर्स त्यांना खुले करायला सांगितलं.

मोबाईलवर इशिहाराच्या पाट्या बघून निष्कर्ष काढू नका. प्रत्येक स्क्रीनचे रंग वेगळे, त्यात व्हिव्हिड मोड, नाइट लाइट. शंका आली तर नेत्रतज्ज्ञाकडे जा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. रोजच्या वापरासाठी मात्र फोनमध्ये सोय आहे. अँड्रॉइडवर ॲक्सेसिबिलिटीत कलर करेक्शन, आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीत डिस्प्ले अँड टेक्स्ट साइजमध्ये कलर फिल्टर्स. ते चालू करून तेच चित्र पुन्हा बघा.

आणि हो, हे कायम तोट्याचंच असतं असंही नाही. १९९२ च्या एका प्रयोगात असं दिसलं की रंगांची सरमिसळ करून लपवलेला आकार लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्यांना दिसला आणि बाकीच्यांना नाही. रंगाने त्यांची दिशाभूलच होत नाही. तो पोपट न सापडणारा मुलगा रेषांच्या चित्रांत आम्हा सगळ्यांना हरवतो.

डोळ्यासमोर असून न दिसणं

२०१३ मध्ये अमेरिकेत २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन दिले आणि गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र टाकलेलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. नजरेचा माग घेणाऱ्या कॅमेऱ्यावरून कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. ते आपल्या कामात कच्चे नव्हते. गाठ शोधत होते, म्हणून गोरिला दिसला नाही. वर मी "एक तुकडा ठरवा" म्हटलं त्याची ही दुसरी बाजू आहे. ठरवलेलं लवकर सापडतं, न ठरवलेलं निसटतं.

दुसरी अडचण दुर्मिळ गोष्टींची. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात, शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत होती तेव्हा लोकांकडून ती ७% वेळा सुटली. तीच वस्तू १% चित्रांतच ठेवली तेव्हा ३०% वेळा सुटली. "नसणारच" असं मेंदू ठरवून टाकतो आणि लवकर हार मानतो. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. म्हणून त्यांच्या एक्सरे मशीनमध्ये मधूनमधून सॉफ्टवेअरच खोट्या शस्त्राचं चित्र बॅगेत घालतं, म्हणजे तपासणारा सावध राहतो.

आपल्या कोड्यांत याचा उपयोग असा: "१० वस्तू शोधा" मध्ये नऊ सापडल्यावर दहावी सगळ्यात जास्त छळते, कारण शोध मनातून संपलेला असतो. तेव्हा फोन खाली ठेवा, पाणी प्या, आणि पुन्हा पहिल्या पट्ट्यापासून सुरू करा.

मात्र काही चित्रांत वस्तू खरंच नसते. लोकांनी थांबून बघत राहावं एवढ्याचसाठी ती बनवलेली असतात, आणि एआयने बनवलेली असतील तर "लपलेली मांजर" काढायला मॉडेल विसरलेलंही असू शकतं. तीन फेऱ्या नीट मारल्या, मूळ चित्र शोधलं, उत्तर कुठेच नाही, तर सोडून द्या.

उत्तर बघायच्या आधी

"उत्तर पाहण्यासाठी अलाउ दाबा" असं आलं तर दाबू नका. ती उत्तराची नाही, नोटिफिकेशनची परवानगी असते, आणि नंतर दिवसभर "तुमच्या फोनमध्ये व्हायरस" छापाच्या खोट्या जाहिराती येत राहतात. चुकून दाबलं असेल तर क्रोममध्ये सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जाऊन ती साइट ब्लॉक करा.

वस्तू शोधायच्या गेमला कॉन्टॅक्ट्स, एसएमएस किंवा माइक लागत नाही. मागितलं तर नाही म्हणा. त्याशिवाय गेम चालतच नसेल तर काढून टाका. ग्रुपवर आलेली एपीके फाइल कितीही छान कोड्यांची असली तरी इन्स्टॉल करू नका. चांगलं काही खेळायचं असेल तर २०१७ चं हिडन फोक्स बघा. हाताने काढलेली काळीपांढरी चित्रं, आणि सगळे आवाज बनवणाऱ्यांनी तोंडाने काढलेले. टायमर नाही, १% नाही. पहिल्याच चित्रात झुडपांवर बोट फिरवून बघा.